कौलारू छप्पर: उतरवण्यापासून पहिल्या पावसापर्यंतच्या नोंदी

१९ जानेवारी

तिन्ही अंदाजपत्रके आज शेजारी शेजारी ठेवून वाचली. सगळ्यात स्वस्त आहे ते एकाच ओळीचे: ‘जुनी कौले उतरवून नवी बसवणे, लाकूडकामासह, एकूण.’ दुसऱ्यात चौरस मीटरचा दर आहे आणि तळाशी बारीक अक्षरात ‘रिपा बदलाव्या लागल्यास वेगळे’ (रिपा म्हणजे कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्या). तिसरा मिस्त्री आला तो बॅटरी मागून थेट माळ्यावर गेला आणि अर्धा तास खाली उतरला नाही. उतरल्यावर म्हणाला, “भाऊ, कौलांचा हिशोब कुणीही करील. तुमचे वासे पागोळीकडे किती कुजलेत ते कौलं काढल्याशिवाय कसं सांगू?” त्याने कौलांचा आकडा दिला, मजुरी रोजावर सांगितली आणि लाकडापुढे प्रश्नचिन्ह काढून कागद परत दिला.

काम त्यालाच द्यायचे ठरवले. धाकटा भाऊ वैतागला आहे. त्याच्या मते रोजावरचे काम म्हणजे मारुतीचे शेपूट. त्याचे अगदीच चूक नाही, पण पहिल्या दोन कागदांत जे लिहिलेले नाही तेच त्यांच्या स्वस्ताईचे कारण आहे.

मापे: दोन पाखी, म्हणजे दोन उतारांचे, साधे छप्पर, उतार ३० अंश. आढ्यापासून (माथ्यापासून) पागोळीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) ५.३१ मीटर, लांबी दोन्हीकडच्या झापांसकट (भिंतीबाहेर आलेल्या कडांसकट) १२.६ मीटर. दोन्ही पाखी मिळून सुमारे १३४ चौरस मीटर. मंगलोरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागते, म्हणजे २०००च्या आसपास.

२ फेब्रुवारी

उतरवणी सुरू. चार माणसे. मी समजत होतो की आढ्यावरचे कोने (माथा झाकणारी कौले) फोडले की एका बाजूने सरळ सोलत खाली यायचे. तसे नाही. मिस्त्री दोन्ही पाख्यांवरून बरोबरीने उतरवतो: इकडच्या चार ओळी, मग तिकडच्या चार. एकच बाजू मोकळी केली तर दुसरीचे दोन-अडीच टन वजन जुन्या सांगाड्याला एकीकडे रेटते आणि आढे सरकते. चढवतानाही हाच नियम.

कौलावर पाय कुठे द्यायचा हेही आज कळले. मधल्या सपाट भागावर नाही. वरच्या कौलाची कड खालच्यावर येते आणि खाली रीप असते, त्या दुहेरी जागेवर. मी एकदाच चढलो, तीन कौले फोडली आणि मला खाली पाठवण्यात आले.

४ फेब्रुवारी

सगळी उतरली. पागोळीकडच्या वाशांची टोके जिथे भिजत आली तिथे लाकूड सुरीने खरवडता येते, इतके मऊ. ४४ वाशांपैकी दोन पूर्ण बदलावे लागतील, सातांचा खालचा दीड-दोन हात कापून तिरक्या सांध्याने नवा तुकडा जोडायचा. माळ्यावरून यातले काहीच दिसत नव्हते, कारण कुजण्याची जागा भिंतीच्या माथ्यावर, चुन्यात गाडलेली होती. प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळाले.

७ फेब्रुवारी

गेले तीन दिवस फक्त निवड. हे काम कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हते, तिसऱ्यातही ‘किरकोळ’मध्ये होते.

पद्धत अशी. कौल डाव्या हातात उभे, टोकाला सैल धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने मध्यावर टिचकी. खणखणीत वाजले तर एका ढिगात. बद्द वाजले तर आत चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. मग काठावरच्या खाचा बघायच्या: मंगलोरी कौलाचे सगळे इमान त्या दोन खाचांत आणि मागच्या छोट्या नाकात असते. नाक तुटलेले कौल रिपेवर अडकत नाही, खाली घसरते. मग घासणे. शेवाळ खाचेत भरून राहिले तर शेजारचे कौल पूर्ण बसत नाही आणि त्याच फटीतून पाणी आत शिरते. मिस्त्री वायर ब्रश नको म्हणाला, वरची भाजलेली कातडी खरवडते. काथ्याचा ब्रश आणि पाणी.

पहिल्या शंभर-दीडशेनंतर माझेही कान तयार झाले. संध्याकाळी जेवताना ताटावर टिचकी मारली तेव्हा आईने विचारले, “आता हे काय नवीन?”

एकूण १,३१२ चांगली निघाली.

९ फेब्रुवारी

जुन्या कौलांच्या पोटाला कारखान्याचा ठसा आहे, पण अक्षरे झिजून गेली आहेत. या खाचांच्या कौलाचा मूळ वंश युरोपातला. फ्रान्समधल्या अल्सास भागात आल्टकिर्खच्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. त्याआधी बहुतेक ठिकाणी कौल म्हणजे एकतर एकावर एक दुहेरी-तिहेरी चढवायचे सपाट कौल, नाहीतर उलटसुलट घालायची नळीची कौले. दोन्हींत कौलाचा बराच भाग दुसऱ्या कौलाखाली लपतो. खाच आली आणि तो लपणारा भाग कमी झाला, म्हणून चौरस मीटरमागे वजनही कमी झाले आणि सांगाडा हलका चालू लागला. पुढे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरला अशा कौलांचा कारखाना काढला आणि कौलाला गावाचे नाव चिकटले.

हे लिहून ठेवायचे कारण: खाच म्हणजे साचा, आणि प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरीही पुढची चूक मी केलीच.

१६ फेब्रुवारी

माझी चूक, सविस्तर.

हिशोब असा केला होता: हवीत २,०००, जुनी चांगली १,३१२, म्हणजे ६८८ कमी. मोडतोडीसाठी थोडी जास्त धरून ८०० नवी मागवली. माप तेच, ४१० बाय २३५ मिलिमीटर. जुनी-नवी मिसळून घालू, रंगही छान चट्ट्यापट्ट्याचा दिसेल, असे वाटले.

आज गाडी आली. मिस्त्रीने एक नवे कौल उचलले, एक जुने, जमिनीवर शेजारी ठेवले आणि काहीच बोलला नाही. नव्याची कड जुन्याच्या खाचेत उतरतच नव्हती, बोटभर वर राहत होती. उलट बाजूने लावले तर इतकी सैल की हाताने हलते. माप एकच आणि कुलूप वेगळे.

तोडगा त्याचाच: पुढचे पाखे संपूर्ण नवे, मागचे संपूर्ण जुने. आढ्यावर दोन्ही भेटतात, पण तिथे वरून कोने बसतात, त्यांना कुणाच्या खाचेशी देणेघेणे नसते. या तोडग्याची किंमत म्हणजे आणखी ३०० नवी कौले, एक जादा गाडी, आणि साडेतीनशेच्या आसपास चांगली जुनी कौले माळ्यावर पडून. ती पडून राहणे वाया नाही असे तो म्हणतो. पुढची वीस-तीस वर्षे मागच्या पाख्याला सुटे भाग लागतील आणि हा साचा आता कुठे मिळणार नाही.

१७ फेब्रुवारी

गाडीतल्या नव्या कौलांतली सहा तपासून बघितली. उन्हात पूर्ण वाळवून वजन, मग २४ तास पाण्यात, पुसून पुन्हा वजन. सरासरी २.४५ किलोचे २.८५ झाले, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर थोडेसे. भारतीय मानक आयएस ६५४ मध्ये वरच्या प्रतीला १८ आणि दुसऱ्या प्रतीला २० टक्क्यांची मर्यादा आहे, तेव्हा ठीक. जुने २.६० चे ३.०६, मर्यादेच्या काठावर, पण इतक्या पावसाळ्यांनंतर तक्रार कशाला.

हा आकडा नुसता प्रतीचा नाही. छपरावर सुमारे पाच टन कौल आहे. पार भिजले तर आणखी आठशे किलो. वासे मोजायचे ते त्या ओल्या वजनाला.

२४ फेब्रुवारी

लाकूडकाम आटोपत आले. दोरी ताणून वाशांचा माथा तपासला तर मधले पाच-सहा वासे दोन बोटे खाली बसलेले. सुतार म्हणाला चालतंय, जुन्या घराला एवढा पोक असायचाच. मिस्त्री म्हणाला नाही. नळीच्या कौलांना असा पोक चालतो, ती कशीही जुळवून बसतात. खाचेच्या कौलांना खालचा पृष्ठभाग सपाट लागतो. पाख्यात खळगा असला की तिथे खाच उघडते. शेवटी वाशांवर पातळ पट्ट्या ठोकून दोरीला आणले. अर्धा दिवस नुसता पट्ट्या तासण्यात गेला. हे काम नंतर कुणालाही दिसणार नाही, आणि बिलात ‘पट्ट्या’ हा शब्द वाचून भाऊ मला विचारणार आहे.

२८ फेब्रुवारी

दुसरी चूक, रिपांची. हीही माझीच, आणि हिचा राग जास्त आला.

सुतार मोकळा बसला होता, म्हणून मी त्याला दोन्ही पाख्यांच्या रिपा ३२० मिलिमीटर अंतरावर ठोकायला सांगितले. पुस्तकी अंतर. मिस्त्री त्या दिवशी नव्हता. आज आला आणि आधी विचारले, “दहा कौलं लावून बघितली का?”

बघायचे ते असे. दहा कौले, आणि टोकाला एक जादा, सपाट जमिनीवर एकाखाली एक लावायची. एकदा घट्ट सारून पहिल्याच्या खालच्या कडेपासून जादा कौलाच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचे, एकदा खाच सुटणार नाही इतकी सैल ओढून. दोन्हींच्या मधला आकडा दहाने भागायचा, ते रिपांचे अंतर. नव्या कौलांचे घट्ट ३.१४ मीटर, सैल ३.२६. मधला ३.२०. म्हणजे ३२० मिलिमीटर, नशीब. जुन्यांचे घट्ट ३.२४, सैल ३.३४, म्हणजे ३२९. मागच्या पाख्यावर ३२० ला ठोकलेल्या रिपांवर जुनी कौले घट्ट सारूनही बसणार नाहीत. त्याने दोन ओळी लावून दाखवल्या. वरच्या कौलाची शेपटी खालच्यावर टेकण्याऐवजी हवेत उभी.

सगळ्या उपटल्या. खिळे काढताना बऱ्याच रिपा चिरल्या. पाच माणसांचे रोज आणि रिपांचा एक भारा, एवढी त्या नऊ मिलिमीटरची किंमत. आता पुढे १७ ओळी आणि मागे १६.

एक बारकावा मात्र सुताराने आपणहून बरोबर केला होता: पागोळीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच. बाकी प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकते, पहिल्या ओळीच्या कौलाला खाली टेकायला कौल नसते. ही उंची दिली नाही तर पहिली ओळ मान टाकते आणि तिच्यामागून सगळे पाखे.

३ मार्च

भावाने कौलांखाली पत्रा घालायचा विषय पुन्हा काढला. ‘एकदाच घालू, गळायची भानगडच नको.’ मी नाही म्हणालो. कौलाच्या खाचांतून हवा खेळते म्हणून ओले कौल पोटाकडूनही वाळते आणि लाकूडही. खाली सलग पत्रा किंवा कापड आले की वरून आत आलेले थोडे पाणी त्याच्यावरून वाहत पहिल्या रिपेशी अडते आणि तिथेच बसून राहते. घालायचेच असेल तर वाशांच्या दिशेने आधी उभ्या पट्ट्या ठोकून, त्यांच्यावर आडव्या रिपा घ्याव्या लागतात, म्हणजे पाण्याला खाली जायला वाट राहते. ते केले तर पत्रा चांगला. पण ज्यांनी स्वस्तात ‘खाली पत्रा’ लिहिले होते त्यांच्या कागदावर उभ्या पट्ट्या नव्हत्या.

६ मार्च

चढवणी आणि मांडणी. कौले आधी दोन्ही पाख्यांवर रिपांवर सहा-सहाचे गठ्ठे करून पसरली, सारख्या वजनात. गठ्ठे उचलताना एकाच थप्पीतून नाही, चार थप्प्यांतून आळीपाळीने. भट्टीत मधली कौले आणि कडेची कौले सारखी भाजत नाहीत, रंगात फरक असतो. एकाच थप्पीतून घेतले तर छपरावर ठिगळे दिसतात. मिसळून घेतले तर तोच फरक छान दिसतो.

मग गुण्याचा तपास. ३-४-५ चा त्रिकोण पागोळीच्या दोरीवर धरला, कळले की घर काटकोनात नाही. आढ्याकडची लांबी पागोळीपेक्षा ९० मिलिमीटर जास्त. मला वाटले शेवटच्या उभ्या रांगेला कौल तिरके कापावे लागणार. मिस्त्री म्हणाला, “कापलेलं कौल रस्त्यावरून दिसतं. ओढलेलं दिसत नाही.” आडव्या ओळीत ६० कौले. वर जाताना प्रत्येक कौल जेमतेम दीड मिलिमीटर सैल घ्यायचे, खाचेत तेवढी जागा असते. ६० गुणिले दीड, झाले नव्वद. कागदावर सोपे. प्रत्यक्षात त्याने दर दहा कौलांवर खडूची उभी दोरी मारली आणि प्रत्येक दोरीला स्वतः डोळा लावून बसला. अख्ख्या कामातली सगळ्यात महाग वस्तू कुठली असे कुणी विचारले तर मी त्या दोरीकडे बोट दाखवीन.

१० मार्च

दोन्ही पाखी भरली. साडेतीन दिवस. खालून वर, एकेक ओळ. एक जण देतो, एक जण बसवतो, कौल खाचेत उतरल्याचा छोटा ‘टक्’ आवाज येतो आणि पुढचे. बघायला आलेल्या सगळ्यांना वाटते की काम हेच.

१५ मार्च

कडा आणि कोने. पागोळीची ओळ, दोन्ही झापांच्या उभ्या रांगा आणि आढ्याखालची ओळ, एवढी कौले तारेने रिपेला बांधली. वारा छपराच्या मधल्या भागापेक्षा कडांना जास्त उचलतो. तार तांब्याची घेतली. जस्ताची निम्म्याहून स्वस्त पडते, पण पीळ दिलेल्या जागी जस्त उडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. तार लागते ती मूठभर, तिथे काय वाचवायचे.

कोने रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले होते, कोरडे कोने चुन्यातले पाणी शोषून घेतात आणि चुना भुगा होतो. मसाला चुना आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा). सिमेंट कडक होते, कौल उन्हात तापून हलते, मग चिरते ते कौल किंवा सांधा. चुना थोडे सहन करतो. मसाला कोन्याच्या दोन्ही कडांना आणि दोन कोन्यांच्या सांध्याला, पोट मोकळे. माझ्या जुन्या आढ्यावर पोटभर सिमेंट होते आणि ते काढताना चाळीसपैकी नऊच कोने शाबूत निघाले, यावरून काय ते समजलो.

सात दिवस ओल्या गोणपाटाखाली.

२३ मार्च

हिशोब मिटवला. रोज असे पडले: उतरवणी १०, निवड आणि धुणे १२, वासे-पट्ट्या १६, रिपा ९, माझ्यामुळे पुन्हा रिपा ५, चढवणी आणि दोऱ्या ६, पाखी भरणे ११, कडा आणि कोने १३. एकूण ८२. ज्याला सगळे ‘कौले बसवणे’ म्हणतात ते ८२ पैकी ११.

नव्या कौलांचे पैसे एकूण खर्चाच्या पाचव्या भागालाही पोचले नाहीत. स्वस्तातल्या अंदाजापेक्षा मी बराच वर गेलो, दुसऱ्यापेक्षा थोडाच. माझ्या दोन चुका वजा केल्या तर दुसऱ्याच्या बरोबरीत. भावाने कागद वाचला आणि ‘पट्ट्या म्हणजे काय’ विचारले.

११ जून

पहाटे पहिला मोठा पाऊस. बॅटरी घेऊन माळ्यावर. पुढचे पाखे कोरडे. मागचेही कोरडे, एक जागा सोडून: स्वयंपाकघरावर घातलेल्या काचेच्या कौलाच्या डाव्या खाचेतून दर चार-पाच सेकंदांना एक थेंब. काचेचे कौल मी मार्चमध्ये नवे आणले होते. जुन्यावर काजळी होती म्हणून. ते नव्या साच्याचे आहे, आणि मागे सगळी जुनी.

मिस्त्रीला फोन केला. तो हसला नाही, एवढेच विचारले, “जुनं काचेचं टाकलं नाही ना?”

१३ जून

टाकले नव्हते, माळ्यावर गोणीत होते. राख आणि लिंबाने दोनदा घासले. उघडीप बघून त्याचा मुलगा चढला, वरच्या ओळीतली दोन कौले सरकवून नवे काढले, जुने घातले, दहा मिनिटे. टक् आवाज आला. दुपारी पुन्हा तासभर पाऊस, खाली पातेले ठेवले होते, कोरडे.

माळ्यावर शिल्लक: जुनी ३४७, नवी ७१, काचेचे नवे एक.